वाळू सरकारची, सावली घरची

एप्रिलच्या सुरुवातीला रिमिनीच्या किनाऱ्यावर गेलं तर समुद्र दिसतच नाही. रस्ता ओलांडून वाळूत उतरलं की माणसापेक्षा उंच वाळूचा बांध आडवा येतो, आणि लाटांचा नुसता आवाज पलीकडून ऐकू येतो. हिवाळ्यातल्या वादळी लाटा आत घुसून केबिनी, बार आणि मागचा रस्ता खराब करू नयेत म्हणून हंगाम संपला की किनाऱ्याचीच वाळू यंत्रानं ओढून हा बांध घालतात. वसंतात तो मोडून वाळू पुन्हा पसरतात. मी पोचले त्या सकाळी बेल्लारीवा भागात हे मोडणं चालू होतं. यंत्राच्या मागोमाग तीन माणसं वाकून चालत होती आणि उघड्या पडलेल्या वाळूतून ओंडके, दोरखंड, बाटल्या वेचत होती. सगळ्यांत जास्त निघत होत्या त्या प्लास्टिकच्या लांबट जाळ्या. समुद्रात कालवांसारखे काळे शिंपले वाढवतात, त्या शेतांतून सुटून त्या इथे येतात. वेचणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या. रबरी बूट, डोक्याला रुमाल. हा किनाऱ्याचा तुकडा या आजींचं घर चालवतं. त्यांच्या सासऱ्यांपासून.

'घरचा धंदा' हा या वर्षीचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा इटलीचा हा किनारा आला. कारण घरचा धंदा म्हटलं की जागा घरची असते असं आपण गृहीत धरतो. इथे जागा सरकारची आहे. इटलीत किनाऱ्याची वाळू सार्वजनिक मालकीची असते, ती विकता येत नाही. सरकार ती ठरावीक मुदतीसाठी वापरायला देतं. त्या परवान्यावर एखादं कुटुंब छत्र्या लावतं, पडायच्या खाटा मांडतं, कपडे बदलायच्या केबिनी आणि अंघोळीचे फवारे उभारतं, कॉफीचा बार चालवतं. अशा ठिकाणाला रिमिनीच्या या रोमान्या भागात 'बान्यो' म्हणतात आणि ते चालवणाऱ्याला 'बान्यीनो'. रिमिनीत प्रत्येक बान्योला नंबर असतो. लोक एकमेकांना पत्ता देताना तो नंबरच सांगतात.

या कुटुंबानं मला हवं तेवढं बसू दिलं, हवं ते विचारू दिलं. अट एकच घातली, की नाव आणि नंबर छापायचा नाही. २०२७ जवळ येतंय आणि त्याआधी कुणालाच उगाच नजरेत यायचं नाही. त्या वर्षाबद्दल पुढे सांगते.

दोरी

वाळू सपाट झाली, चाळणीचं यंत्र फिरून गेलं, की आखणी सुरू होते. समुद्राला समांतर एक लांब दोरी ताणतात. तिच्यावर ठरावीक अंतरावर रंगाच्या खुणा असतात. प्रत्येक खुणेखाली वाळूत भोक पाडायचं, त्यात छत्रीची बैठक पुरायची, की दोरी उचलून पुढच्या रांगेला. आजींचा मुलगा, म्हणजे सध्याचा बान्यीनो, एक डोळा मिटून रांगेच्या टोकाला उकिडवा बसतो आणि हातानंच डावीकडे-उजवीकडे खुणा करतो. एक दांडा चार बोटं सरकलेला असला तरी काढून पुन्हा बसवायला लावतो. मी विचारलं, एवढ्याशा फरकानं काय होतं? तो म्हणाला, "शेवटच्या रांगेतल्या माणसाला समुद्र दिसायला हवा ना. पैसे तोही देतो."

मागच्या रांगेची छत्री स्वस्त, पहिल्या रांगेची महाग. पण रांगा सरळ असतील तर मागच्या रांगेतूनही दोन ओळींच्या मधून पाण्याची एक पट्टी दिसते. ती पट्टी मोकळी ठेवणं हे त्याच्या लेखी कामाचं मोजमाप आहे.

२०२०च्या उन्हाळ्यात करोनाच्या नियमांनी प्रत्येक छत्रीला ठरावीक किमान जागा सक्तीची केली. त्या वर्षी रांगा विरळ कराव्या लागल्या. नंतर नियम गेले, पण लोकांना ऐसपैस बसायची सवय लागली होती. या घरानं कमी केलेल्या छत्र्या परत लावल्या नाहीत. उत्पन्न घटलं, तक्रारीही घटल्या, असं आजींच्या सूनबाई सांगतात. हिशेब त्या बघतात.

मी स्वतः कोकण किनाऱ्याच्या सवयीची. मला आधी कळेचना, की समुद्राच्या इतक्या जवळ महिनोन्‌महिने दांडे पुरून ठेवायचं धाडस ही माणसं करतात कसं. उत्तर भरती-ओहोटीत आहे. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं. इथे एड्रियाटिक समुद्राची रोजची चढउतार मीटरभरसुद्धा होत नाही. तळही इतका हळूहळू उतरतो की बरंच आत गेलं तरी पाणी कमरेपर्यंतच. लहान मुलांचे आईबाप इथे येतात ते याच कारणानं, आणि दांडे टिकतात तेही याच कारणानं. किनाऱ्यावरच्या छत्र्यांचा हा अख्खा धंदा उथळ आणि शांत समुद्रावर उभा आहे. आपल्याकडे गुहागरला किंवा मालवणला असं काही मांडलं तर पावसाळ्याची वाटसुद्धा बघावी लागणार नाही, पहिल्याच उधाणाला दांडे गोळा करत फिरावं लागेल.

वाळूची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. इथला प्रवाह वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहून नेतो. रिमिनी बंदराचे समुद्रात गेलेले धक्के ती अडवतात. त्यामुळे बंदराच्या दक्षिणेला किनारा रुंद झाला आणि उत्तरेला, विसेर्बाच्या बाजूला, झिजला. तिकडे पाण्यात दगडांचे बांध घालून वाळू राखावी लागते. शहर एकच, नियम एकच, पण कुणाच्या वाट्याला किती वाळू येईल हे एका जुन्या धक्क्यानं ठरवून टाकलं. त्यात जमीनही खचली आहे. अनेक दशकं जमिनीखालचं पाणी आणि वायू उपसल्याचा तो परिणाम. नोव्हेंबर २०२२मध्ये समुद्र या किनाऱ्यावर चढला तेव्हा बऱ्याच ठिकाणी हिवाळी बांध फुटला. पुढच्याच मे महिन्यात एमिलिया-रोमान्यात मोठे पूर आले, नद्यांनी चिखल आणि झाडं समुद्रात आणून टाकली आणि समुद्रानं ती हंगामाच्या तोंडावर वाळूवर फेकली. आजी त्या वर्षाबद्दल फारसं बोलत नाहीत. मुलगा बोलतो. "परवान्यात लिहिलंय, वाळू सरकारची. पण ओंडके उचलायला सरकार आलं नव्हतं."

आजींचा कागद

बारच्या मागे एक खोली आहे. तिथे टॅब्लेटवर आरक्षणाचा नकाशा उघडलेला असतो. हिरवं म्हणजे मोकळं, लाल म्हणजे भरलेलं. आजींच्या नातवानं बसवलेला हा कारभार व्यवस्थित चालतो. त्याच्या शेजारी भिंतीला आजींचा कागद चिकटवलेला असतो. पेन्सिलनं काढलेल्या रांगा, प्रत्येक छत्रीचा आकडा, आकड्याशेजारी बारीक अक्षरात नोंदी. यांचे गुडघे दुखतात, फळीच्या वाटेला लागून द्या. यांचा यंदा घटस्फोट झाला, जुन्या जागी बसवू नका. या दोन घरांत तीन वर्षांपूर्वी वाजलंय, मध्ये किमान चार छत्र्या ठेवा.

हंगामी सभासदत्व घेणारी घरं दरवर्षी तीच छत्री मागतात. आईच्या पोटात असताना आलेली मुलं आता स्वतःची मुलं घेऊन त्याच आकड्याखाली बसतात. मिलानची, बोलोन्याची, तोरिनोची माणसं. वर्षभर एकमेकांना भेटत नाहीत, पण शेजारच्या छत्रीतल्या म्हाताऱ्याचं ऑपरेशन कधी झालं हे त्यांना ठाऊक असतं. यातली बरीच जण मागच्या गल्लीतल्या लहान हॉटेलांत उतरतात. ती हॉटेलंही घरचीच, आणि हॉटेल व बान्यो यांचा आपसांत ठरलेला करार असतो. हॉटेलच्या पाहुण्याला छत्री सवलतीत, बान्योला खात्रीचं गिऱ्हाईक. एक हॉटेल बंद पडलं की वाळूवरची अख्खी रांग रिकामी होते.

आजींच्या नोंदी टॅब्लेटमध्ये का घालत नाही, असं मी नातवाला विचारलं. तो म्हणाला, घटस्फोटाचं खातं त्यात नाही. मग क्षणभर थांबून म्हणाला, "आणि नोन्नाला (आजीला) विचारल्याशिवाय जागा द्यायची नाही, हा नियम आहे. ती नसेल तेव्हाचं तेव्हा बघू."

ऑगस्टातला दिवस

मी पुन्हा गेले ती ऑगस्टमध्ये, १५ तारखेच्या फेर्रागोस्तोच्या सणाच्या आधी. तेव्हा अर्धी इटली सुट्टीवर असते आणि इथे पाय ठेवायला जागा नसते.

या किनाऱ्याचं तोंड ईशान्येकडे आहे, सूर्य समुद्रातून वर येतो. तो वर यायच्या आत ट्रॅक्टर फिरून गेलेला असतो. मागे जोडलेली चाळणी वाळू उचलून गाळते आणि सिगारेटची थोटकं, काड्या, खेळण्यांचे तुकडे बाजूला काढते. पण दांड्यांच्या आसपास ट्रॅक्टर जात नाही. तिथे दंताळंच. हे काम सेनेगलहून आलेला एक माणूस करतो. कितीतरी उन्हाळे तो याच घरात काम करतोय. आजी त्याला मुलाच्या बरोबरीनं रागावतात आणि बारमध्ये त्याच्यासाठी डुकराचं मांस नसलेली पिआदीना वेगळी ठेवतात. पिआदीना म्हणजे इथली मैद्याची पोळी, आत चीज आणि पाला घालून दुमडलेली. दंताळं मारून झालं की खाटांवरचं दव पुसायचं, खाटा समुद्राकडे वळवायच्या, छत्र्यांचे पट्टे सोडायचे. सात-साडेसातला पहिली म्हातारी मंडळी वर्तमानपत्रं घेऊन येतात, तेव्हा त्यांना सगळं जागच्या जागी दिसतं. संध्याकाळी हेच उलट्या क्रमानं.

कागदावर त्याचे तास ठरलेले आहेत, आठवड्याची सुट्टी ठरलेली आहे. या घरात सुट्टी पाळतात हे मी पाहिलं. सगळीकडे पाळत नाहीत. किनाऱ्यावरच्या इतर मुलामुलींशी बोलताना कागदावरचे तास आणि वाळूवरचे तास यांतला फरक वारंवार ऐकला, आणि तो सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. हंगाम पाच महिन्यांचा. उरलेल्या काळासाठी बेकारी भत्ता असतो, पण २०१५च्या सुधारणेपासून तो काम केलेल्या आठवड्यांच्या निम्म्याच आठवडे मिळतो. पाच महिने राबलं की अडीच महिन्यांची सोय, पुढचे साडेचार महिने ज्याचे त्यानं बघायचे. पूर्वी हंगामी कामावर तरुण पोरांची रांग लागायची. आता मालकांची संघटना माणसं मिळत नाहीत म्हणून तक्रार करते. मला यात न समजण्यासारखं काही दिसत नाही. साडेचार महिने पोटाला चिमटा घेणारी नोकरी कोण धरून ठेवेल?

पाण्याच्या काठावरचं काम वेगळं. नातू तिथे असतो. त्याच्याकडे जीवरक्षकाचं प्रमाणपत्र आहे. ते देणाऱ्या संस्थांतली एक १८७१ साली जेनोव्हात स्थापन झालेली आहे. लाल बनियन, गळ्यात शिट्टी, उंच मचाण. मचाणाखाली लाल रंगाचं मोस्कोने उभं असतं. दोन निमुळते तराफे, मध्ये आडव्या फळ्या आणि वल्ही. इंजिनाची बोट का नाही, हा माझा पहिला प्रश्न होता. त्यानं उत्तर न देता पाण्याकडे बोट दाखवलं. कमरेइतक्या पाण्यात शेकडो माणसं उभी होती. त्यांच्यामधून पंखा फिरवत कोण जाणार? मोस्कोने उथळ पाण्यातून सरकतं, बुडणाऱ्याला धरायला त्याच्या कडा बुटक्या असतात, आणि ते सहज उलटत नाही.

जीवरक्षणाचा खर्च एकेका बान्योला परवडत नाही. म्हणून इथल्या बान्यीनोंनी सहकारी संस्था उभारल्या आहेत. मचाणं, जीवरक्षकांच्या पाळ्या, कचरा उचलणं ही कामं त्या एकत्र करतात. एमिलिया-रोमान्या हा सहकाराचा मुलूख म्हणून जगभर ओळखला जातो. साखर कारखाने आणि दूध संघ पाहत वाढलेल्या मराठी माणसाला ती रचना लगेच कळते. कुठे बैठकीत भांडणं होत असतील हेसुद्धा.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास आजी बारमधून बाहेर आल्या आणि समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मागे नैर्ऋत्येला सान मारिनोचा डोंगर दिसतो. रोज तो धुरकट असतो. त्या दिवशी त्यावरचे बुरूज मोजता येत होते. "गार्बीनो," त्या म्हणाल्या. आपेनिन डोंगरांवरून उतरणारा हा कोरडा, गरम वारा अचानक झोडपायला लागतो. मुलगा, सेनेगलचा तो माणूस आणि बारमधली पोरगी रांगांमध्ये पळाली. पिवळा झेंडा वर गेला, म्हणजे छत्र्या मिटायच्या. बऱ्याच लोकांना हे पटत नव्हतं. आभाळ निळंभोर होतं आणि सावलीचे पैसे त्यांनी दिले होते. एका गृहस्थांनी आवाज चढवला. मुलानं वाद घातला नाही, शांतपणे पट्टा आवळला आणि पुढच्या छत्रीकडे गेला. जेमतेम शेवटची रांग मिटली असेल, तोच वारा आला. उघडी छत्री अशा वेळी दांड्यासकट उपटून निघते आणि ज्याच्या अंगावर पडेल त्याला जखमी करते. शेजारच्या तुकड्यावर दोन छत्र्या उडाल्या. सुदैवानं कुणाला लागलं नाही.

ज्या गृहस्थांनी आवाज चढवला होता ते संध्याकाळी बारमध्ये येऊन मुलाच्या शेजारी उभे राहिले आणि दोघांच्या कॉफीचे पैसे त्यांनी दिले.

सुरुंगांनंतर

रिमिनीचं पहिलं स्नानगृह १८४३ साली उघडलं. तेव्हा समुद्रस्नान हे औषध होतं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यायचं, आणि परवडायचं ते सरदार-धनिकांना. पुढे दुबळ्या मुलांना समुद्राच्या हवेवर ठेवण्यासाठी मोठमोठ्या इमारती उठल्या. बेल्लारीवातली मुर्री नावाची वसाहत त्यांतलीच. १९०८चं ग्रँड हॉटेल आणि त्याच्याकडे बाहेरून बघणारी गावातली पोरं फेल्लिनीनं 'आमारकोर्द'मध्ये अमर केली. पण आजींच्या घरासारखी घरं या गोष्टीत आली ती बरीच नंतर.

१९४४मध्ये युद्धाची आघाडी इथून गेली. त्याआधीच्या बॉम्बवर्षावात शहराचा बहुतांश भाग जमीनदोस्त झाला होता, किनाऱ्यावर जर्मनांनी सुरुंग आणि काँक्रीटचे अडथळे पेरले होते. सान मारिनोकडे जाणाऱ्या रस्त्याला गुरखा सैनिकांची दफनभूमी आहे आणि तिथेच, दहन केलेल्या हिंदी सैनिकांच्या नावांचं स्मारक आहे. मी मुद्दाम गेले. रोमान्यातच, इथून उत्तरेला वाहणाऱ्या सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे पोचवलं आणि मग शत्रूच्या तीन मशिनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातला हा शिपाई ज्या भूमीसाठी लढला, तिच्या किनाऱ्यावरचे सुरुंग निघाल्यानंतरच या छत्र्या उभ्या राहिल्या. आजींच्या नातवाला हे ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर त्यानं नाव लिहून घेतलं.

युद्धानंतर हाताला काम नव्हतं. मच्छीमार, खलाशी आणि वाट्यानं शेती करणाऱ्यांनी वाळूवर कापडी तंबू आणि लाकडी केबिनी उभ्या केल्या, घरातल्या खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि स्वतः तळघरात झोपले. पन्नास-साठच्या दशकात इटलीतल्या कामगारांना पगारी सुट्टी आणि छोटी फियाट मोटार मिळाली, तेव्हा त्या मोटारी इथेच आल्या. आजींचे सासरे आधी मासेमारी करत. उन्हाळ्यात ते लोकांना नावेतून फिरवायचे, मग चार छत्र्या घेतल्या, मग बारा. आजी लग्न होऊन आल्या ती मेअखेर होती, म्हणजे ऐन हंगामाची सुरुवात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी केबिनी रंगवल्या.

वाळू कुणाची

१९४२च्या नौवहन संहितेनुसार किनाऱ्याचा तुकडा मुदतीच्या परवान्यानं देता येतो. मुदत संपली की पुन्हा अर्ज. पण अनेक वर्षं कायदा आधीच्याच परवानाधारकाला प्राधान्य देत असे, त्यामुळे परवाना बापाकडून मुलाकडे जात राहिला. २००६मध्ये युरोपियन युनियननं सेवा-व्यवसायांबद्दल एक निर्देश काढला. तो मांडणाऱ्या डच आयुक्तांच्या नावानं इटलीत तो 'बोल्केस्टाइन' म्हणून ओळखला जातो आणि या किनाऱ्यावर ते नाव सगळ्यांना पाठ आहे. जिथे नैसर्गिक साधन मर्यादित आहे तिथे परवाना खुल्या स्पर्धेनं द्यावा, आपोआप वाढवू नये, असं त्याचं म्हणणं. प्राधान्याचा नियम इटलीनं २००९च्या अखेरीस काढला, पण मुदतवाढी देतच राहिली. २०१६मध्ये युरोपच्या न्यायालयानं आणि २०२१मध्ये इटलीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानं त्या बेकायदा ठरवल्या. सरकारं बदलली, तारखा पुढे सरकल्या. ९ ऑगस्ट २०२४ रोजी देशभरातल्या अनेक बान्यीनोंनी सकाळी दोन तास छत्र्या मिटून ठेवून संप केला. त्याच वर्षी सप्टेंबरात निघालेल्या अध्यादेशानं आता सप्टेंबर २०२७ ही अखेरची मुदत ठेवली आहे आणि निविदा त्या वर्षीच्या जूनअखेर निघायच्या आहेत.

या भांडणात माझी सहानुभूती कुठे आहे हे वर कळलंच असेल. तरीही निविदा निघायला हव्यात असं मला वाटतं, आणि हे मी आजींच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनाही सांगितलं. २०२०पर्यंत सरकारला द्यायचं किमान वार्षिक भाडं चारशे युरोंपेक्षाही कमी होतं. मग ते अडीच हजार झालं, पुढे महागाईनुसार तीन हजारांच्या वर गेलं. ऐन हंगामात एक छत्री आणि दोन खाटा दिवसाला वीस ते चाळीस युरोंना जातात, श्रीमंती किनाऱ्यांवर याच्या कितीतरी पट. हे घर किमान भाड्याहून जास्त भरतं. सूनबाईंनी आकडा सांगितला, छापू नका म्हणाल्या. मागच्या रस्त्यावरच्या एका लहानशा दुकानाच्या भाड्याहून तो कमी होता. हे त्यांनाही अवघड वाटतं.

दुसरी बाजू अशी की मोकळी वाळू उरलीच थोडी. लेगाम्बिएन्ते या पर्यावरण संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार लिगुरिया, एमिलिया-रोमान्या आणि कांपानिया या प्रांतांत वाळूच्या किनाऱ्याचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग परवान्यांखाली आहे. रोमजवळच्या ओस्तियात तर बांधकामं अशी रांगेनं उभी राहिली की रस्त्यावरून समुद्र दिसत नाही. कायद्यानं पाण्याच्या काठापर्यंत जायचा हक्क प्रत्येकाला आहे, काठाची पट्टी मोकळी ठेवावीच लागते. पण चार जणांच्या घरानं टॉवेल पसरून बसायचं कुठे? रिमिनीत बंदराजवळच्या बोस्कोविच चौकापाशी मोकळा किनारा आहे. मी रविवारी तिथे गेले. बांगलादेशी, पेरूच्या, अल्बानियाच्या कुटुंबांनी घरून डबे आणले होते, वाळूत जागा नव्हती आणि सगळे मजेत होते. त्यांचाही हा समुद्र आहे. निविदांच्या वेळी सगळ्यात आधी अशा मोकळ्या पट्ट्या वाढवायला हव्यात, मग उरलेल्या वाळूसाठी भांडावं.

आपल्याकडे हाच प्रश्न निराळ्या पद्धतीनं सोडवला जातो. गोव्यात शॅक दर मोसमात उभे राहतात आणि पावसाळ्याआधी मोडावे लागतात. पर्यटन खातं अनुभवी स्थानिकांना झुकतं माप देऊन सोडत काढतं. बापाकडून मुलाकडे जागा जाण्याची खात्री त्यात नाही, आणि चिठ्ठी लागली ती जागा परस्पर दुसऱ्याला चालवायला दिल्याच्या तक्रारी दरवर्षी होतात. महाराष्ट्रानं २०२०मध्ये शॅकचं धोरण मंजूर केलं. बोर्डी, केळवे, वर्सोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर, तारकर्ली. या किनाऱ्यांसाठीच्या त्या धोरणात ऐंशी टक्के रोजगार स्थानिकांना द्यायची अट आहे. चांगली आहे. पण सोडतीत नशीब मोजलं जातं आणि निविदेत पैसा. ओंडके उचलणं, दोरी सरळ धरणं, डोंगराकडे बघून छत्र्या मिटणं हे या दोन्ही पद्धतींत कुठल्या रकान्यात लिहायचं, याचं उत्तर मला दोन्हीकडे सापडलं नाही.

सूनबाईंची फाईल

नव्या कायद्यात काही तरतुदी आहेत. परवाना पाच ते वीस वर्षांचा असेल. गेली पाच वर्षं हाच मुख्य चरितार्थ असणाऱ्याचा विचार गुण देताना व्हावा असं म्हटलंय. निविदा दुसऱ्यानं जिंकली तर जुन्या माणसानं केलेल्या आणि अजून न फिटलेल्या गुंतवणुकीची भरपाई त्यानं द्यायची. म्हणून सूनबाई फाईल करतायत. नव्या केबिनींची बिलं, फवाऱ्यांच्या नळाची, अपंगांच्या चाकाच्या खुर्चीसाठी घातलेल्या फळीच्या वाटेची. आजींच्या सासऱ्यांनी आणलेल्या लाकडाचं बिल नाही, पण तो खर्च केव्हाच फिटलेला, त्यामुळे धरला जाणार नाही. पुराचे ओंडके उचलायला घरच्यांनी आणि कामगारांनी घातलेले दिवस? हिशेबनिसानं विचारलं, मजुरीची पावती आहे का? घरच्यांची कुठून असणार.

मी सूनबाईंना म्हटलं, माझ्या हातात असतं तर निविदेत एक अट घातली असती. जो जिंकेल त्यानं किंवा त्याच्या घरातल्या एकानं हंगामभर स्वतः वाळूवर उभं राहिलं पाहिजे, आणि नोव्हेंबरच्या वादळातही इथे असलं पाहिजे. शहरात कचेरी थाटून भाड्याची माणसं ठेवणाऱ्या कंपनीला ते जमायचं नाही.

त्यांनी फाईल बाजूला सारली आणि विचार केला. "घाला," त्या म्हणाल्या, "पण मग आम्हालाही घाला. सेनेगलच्या त्याच्या नोव्हेंबरच्या पगारासकट."

मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, मग भाडं वाढवून चालणार नाही. त्या म्हणाल्या, वाढवलंच पाहिजे, आणि त्यातून पगार निघेल इतक्याच छत्र्या लावल्या पाहिजेत. तो म्हणाला, तेवढ्यात भागत नाही, मी आखणी करतो, मला माहीत आहे. जेवण होईपर्यंत दोघं भांडत होते.